गोफण आणि सुखोईची गन

रहिमतपूरकडं शाळू हुरड्यात आला की भोरड्यांचे थवे रानात उतरतात. लहानपणी माळ्यावर उभं राहून मी गोफण फिरवलीय. वडील खालून ओरडायचे, "पाखरू दिसतंय तिथं नको, जाणाराय तिथं धोंडा टाक!" लढाऊ विमानाच्या गनचं अवघड गणित ते हेच.

सुखोई-30 एमकेआयमध्ये 30 मिलिमीटरची एकनळी गन असते, सोबत 150 गोळे. वेग मिनिटाला किमान 1500 गोळ्यांचा, म्हणजे घोडा दाबून धरला तर सहा सेकंदांत सगळं संपलं. गोळा सेकंदाला साडेआठशे मीटर जातो असं धरा. 600 मीटरवर पोचायला त्याला पाऊण सेकंदाच्या आत-बाहेर लागतो. तेवढ्यात आडवं चाललेलं विमान पावणेदोनशे मीटर पुढं गेलेलं असतं! किती पुढं नेम धरायचा हे रडार आणि संगणक मिळून वैमानिकाला समोरच्या काचेवर दाखवतात.

क्षेपणास्त्रं आल्यावर गनचे दिवस संपले, असं अमेरिकेला वाटलं होतं. म्हणून सुरुवातीची फँटम विमानं गनशिवायच बनली. व्हिएतनामवर क्षेपणास्त्रं वारंवार चुकली, शत्रू फार जवळ आला तर डागताच येईनात. शेवटी फँटम-ई च्या नाकातच गन बसवावी लागली. आपल्या मिग-21 एफएललाही अंगची गन नव्हती, ती पोटाखाली टांगावी लागे. त्याच टांगलेल्या गननं 12 डिसेंबर 1971 ला कच्छच्या आखातावर पाकिस्तानचं स्टारफायटर पाडलं. हे वाचताना मला आजही अभिमान वाटतो.

आता दोन विमानं एकमेकांवर गन चालवतील असा प्रसंग विरळाच. तरी ती काढू नये, असं माझं ठाम मत आहे. उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्राला जळत्या फ्लेअर टाकून चकवता येतं. सुटलेल्या गोळ्याला चकवायचं कसं? शिवाय सुखोईची गन जेमतेम पन्नास किलोची, सिमेंटच्या एका पोत्याएवढी.

आणि आता ड्रोन आलेत. स्वस्तातल्या ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र किती वेळा खर्च करणार? पण गननं ड्रोन पाडणंही सोपं नाही. ते इतकं संथ उडतं की विमान बघता बघता त्याच्यावर जाऊन पोचतं. नेम धरायला दोन-तीन सेकंद मिळतात, आणि गोळा लागताच वळावं लागतं, नाहीतर फुटलेले तुकडे आपल्याच इंजिनात जायचे.