एका शितावरून किती भात कळतो?

१९८३ चा उन्हाळा. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं एक कुटुंब, आईवडील आणि ५ मुलगे, सुट्टीसाठी कॅनडात ह्युरॉन सरोवराकाठी निघालं होतं. प्रवास साधारण १२ तासांचा. स्टेशन वॅगन माणसांनी आणि सामानानं खच्चून भरलेली, म्हणून घरचा आयरिश सेटर कुत्रा, शेमस, पिंजऱ्यात घालून गाडीच्या टपावर बांधलेला. वारा थेट अंगावर येऊ नये म्हणून वडिलांनी पिंजऱ्याला पुढून आडोसा करून दिला होता. वाटेत मागच्या काचेवर तपकिरी ओघळ दिसू लागले. कुत्र्याला हगवण लागली होती. वडिलांनी एका पेट्रोल पंपावर गाडी थांबवली, नळीच्या पाण्यानं कुत्रा आणि गाडी दोन्ही धुतले, कुत्र्याला परत टपावर चढवलं आणि पुढची वाट धरली.

वडिलांचं नाव मिट रोमनी. २००७ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले, तेव्हा 'बॉस्टन ग्लोब' या वृत्तपत्रानं त्यांच्यावर लिहिलेल्या लेखमालेत हा किस्सा आला. हा माणूस अडचणीत भावनेच्या आहारी न जाता काम कसं उरकतो, याचा नमुना म्हणून तो दिला होता. वाचकांना त्यात वेगळंच दिसलं. २०१२ ची निवडणूक येईपर्यंत रोमनींचं अर्थकारण ठाऊक नसलेल्यांनाही टपावरचा कुत्रा ठाऊक झाला होता.

मला स्वतःला तो प्रवास वाईटच वाटतो. आजारी जनावराला पुन्हा त्याच जागी बसवणं मला पटत नाही. पण या लेखाचा प्रश्न वेगळा आहे. निवडणुकीच्या २९ वर्षं आधीच्या त्या एका दिवसावरून हा माणूस देश कसा चालवेल, हे सांगता येतं का? शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो आणि ती बरोबर निघते, कारण पातेल्यातल्या सगळ्या शितांना पाणी एक, आच एक आणि वेळही एकच मिळालेली असते. माणसाच्या कृत्यांचं तसं असतं का?

आधी आपल्या मनाकडे पाहू. डेव्हिड टॅननबॉम, एरिक उलमन आणि डॅनियल डायरमायर या संशोधकांनी २०११ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतल्या एकात लोकांपुढे दोन माणसांची वर्णनं ठेवली होती. प्रेयसीनं फसवल्याचं कळताच एकानं तिला मारहाण केली, दुसऱ्यानं तिच्या मांजरीला. कोणतं कृत्य जास्त वाईट, असं विचारलं तर लोकांनी प्रेयसीला मारणं जास्त वाईट ठरवलं. पण कोणता माणूस जास्त वाईट, असं विचारलं तर कौल उलटला. मांजरीला मारणाराच जास्त निर्दय आणि विकृत वाटला.

हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. कृत्य तोलायचं एक माप आणि माणूस तोलायचं दुसरं, अशी दोन मापं आपण वापरतो आणि त्याचा आपल्यालाच पत्ता नसतो. माणसाशी झालेल्या भांडणात राग, अपमान, जुना हिशेब अशी हजार कारणं शोधता येतात. मुक्या जनावरानं काय केलेलं असतं? तिथे बाहेरचं कारण सापडत नाही, म्हणून मन सरळ आत बोट दाखवतं: याचा स्वभावच असा. शिवाय कुत्रा तक्रार करत नाही, मत देत नाही, बदला घेत नाही. ज्याच्यापासून काही मिळवायचं नाही आणि ज्याचं भयही नाही, त्याच्याशी माणूस जसा वागतो तोच खरा, असं आपण धरून चालतो.

त्यात कुत्र्याबद्दलची माया मिसळते. अमेरिकेत २५६ विद्यार्थ्यांना मारहाणीची एक रचलेली बातमी वाचायला दिली गेली. कुणाच्या बातमीत जखमी प्रौढ माणूस होता, कुणाच्या बातमीत तान्हं मूल, पिल्लू किंवा मोठा कुत्रा. सर्वांत कमी कळवळा प्रौढ माणसाच्या वाट्याला आला. जॅक लेविन, अर्नल्ड आर्ल्यूक आणि लेस्ली अर्व्हाइन यांचा हा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. मूल, पिल्लू आणि मोठा कुत्रा यांना आपण एकाच रांगेत बसवतो, ती रांग म्हणजे स्वतःला वाचवू न शकणाऱ्यांची.

एवढी तीव्र भावना जागी करणारी गोष्ट आपण मतपेटीपर्यंत नेली, तर नवल नाही. पण ती तिथपर्यंत न्यायला आधार किती?

१९२० च्या दशकात ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी अमेरिकेतल्या हजारो शाळकरी मुलांना नकळत कसोटीला लावलं. वर्गातल्या परीक्षेत नक्कल करायची संधी, घरी नेलेल्या पेपरात उत्तरं बदलायची संधी, खेळात आपले गुण वाढवून सांगायची संधी, हाताशी पडलेली नाणी उचलायची संधी. अपेक्षा अशी की काही मुलं सगळीकडे प्रामाणिक निघतील आणि काही सगळीकडे लबाड. तसं झालं नाही. वर्गात नक्कल करणाऱ्या मुलानं नाण्यांना हातही लावला नाही, असं वारंवार दिसलं. वेगवेगळ्या प्रसंगांतल्या वागण्याचा एकमेकांशी संबंध होता, पण फार क्षीण. प्रसंग तोच ठेवून पुन्हा कसोटी घेतली की मात्र मूल बरंचसं पहिल्यासारखंच वागे.

म्हणजे स्वभाव नावाची गोष्ट नसतेच? १९६८ मध्ये वॉल्टर मिशेल यांनी जवळजवळ असाच धक्का दिला आणि मानसशास्त्रात मोठा वाद पेटला. त्या वादातून निघालेलं उत्तर, मला वाटतं, प्रत्येक मतदारानं ऐकावं. सिमोर एपस्टाइन यांनी १९७९ मध्ये दाखवलं की एका दिवसाच्या वागण्यावरून दुसऱ्या दिवसाचा अंदाज बांधणं अवघड आहे, पण पुष्कळ दिवसांची सरासरी घेतली की तोच माणूस ओळखू येऊ लागतो. रॉबर्ट एबलसन यांनी १९८५ मध्ये बेसबॉलचा हिशेब मांडला. फलंदाज एकदा मैदानात उतरला, तर चेंडू फटकावला जाईल की नाही, यातला त्याच्या कौशल्याचा वाटा टक्क्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास निघतो! त्यांनी जाणकारांना आधी अंदाज करायला सांगितलं होतं, तर ते याच्या कितीतरी पट मोठे आकडे सांगत होते. तरीही हंगामभराच्या सामन्यांत चांगला फलंदाज स्पष्ट उठून दिसतो. कौशल्य खरंच असतं, फक्त एका फटक्यात ते दिसत नाही. शेमसचा प्रवास हा तसा एक फटका आहे.

आणि तो फटका कोणत्या मैदानावर खेळला गेला, तेही पाहिलं पाहिजे. १९८३ मध्ये अमेरिकेत लहान मुलांना गाडीत सुरक्षित आसनात बांधण्याची सक्ती सगळ्या राज्यांत झालेली नव्हती. टेनेसीनं ती १९७८ मध्ये प्रथम लागू केली आणि १९८५ पर्यंत ती देशभर पोचली. मोठ्यांना सीटबेल्ट सक्तीचा करणारं पहिलं राज्य न्यूयॉर्क, तेही १९८४ मध्ये. जिथे पोटची मुलंच गाडीच्या मागच्या भागात मोकळी लोळत जात होती, तिथे कुत्र्याचा पिंजरा बांधताना बापाच्या मनात काय आलं असेल, ते आजच्या नजरेनं वाचायला गेलं की चुकतं. यानं कुत्र्याचा त्रास कमी होत नाही. बापाच्या मनाबद्दल काढलेलं अनुमान मात्र ढिलं पडतं.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण क्रौर्याकडे दुर्लक्ष करा असं मला मुळीच म्हणायचं नाही. आर्ल्यूक आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या अशा १५३ जणांच्या नोंदी तपासल्या, ज्यांच्यावर प्राण्यांना जाणूनबुजून मारल्याचे किंवा छळल्याचे खटले झाले होते. त्यांच्याच शेजारपाजारचे १५३ लोक तुलनेला घेतले. छळ करणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांच्या नावावर दुसरा कुठला तरी गुन्हा होता, शेजाऱ्यांत हे प्रमाण २२ टक्के. माणसांवरच्या हिंसेचे गुन्हे सुमारे पाचपट. पण आधी जनावर आणि मग माणूस अशी शिडी मात्र दिसली नाही. प्राण्यांचा छळ इतर गुन्ह्यांच्या आधीही होता, नंतरही होता, आणि चोरी व अमली पदार्थांच्या गुन्ह्यांशीही त्याचा संबंध होता. एकूण बेबंद वागण्याचा तो एक भाग होता. हेतुपुरस्सर छळ ही गंभीर खूण आहे, म्हणूनच एफबीआय २०१६ पासून अशा गुन्ह्यांची वेगळी नोंद ठेवते. निष्काळजीपणा किंवा अज्ञान यांना त्या रकान्यात बसवता येत नाही.

दक्षिण डकोटाच्या तेव्हाच्या गव्हर्नर क्रिस्टी नोएम यांचा प्रसंग या दोहोंच्या मधला. शिकारीत बिनसलेल्या आणि दुसऱ्या एका कुटुंबाच्या कोंबड्या मारलेल्या १४ महिन्यांच्या क्रिकेट नावाच्या कुत्रीला आपण खडीच्या खाणीत नेऊन गोळी घातली, असं त्यांनी २०२४ मध्ये आपल्याच आठवणींत लिहिलं. अवघड कामं टाळत नाही, हे दाखवायला. इथे मला गोळीइतकंच ते लिहिणं बोलकं वाटतं. गोळी जुन्या एका दिवसाची, पण वर्षानुवर्षांनी ती आठवून अभिमानानं पुढे ठेवणं ही आजची, सावकाश, विचार करून केलेली निवड आहे. रोमनींच्या बाबतीतही मला टपापेक्षा नंतरच्या उत्तरांकडे पाहावंसं वाटतं. कुत्र्याला वर बसायला आवडायचं, असं त्यांच्या घरातून सांगितलं गेलं. चुकलं हे सहज म्हणता आलं असतं, ते म्हटलं गेलं नाही.

अर्थात ही उत्तरं आपण कोणत्या कानांनी ऐकतो, तेही आलंच. २०१२ च्या वसंतात रोमनींचे प्रतिस्पर्धी बराक ओबामा यांच्या विरोधकांनी ओबामांच्या आत्मकथनातला एक उल्लेख शोधून काढला: इंडोनेशियात लहानपणी सावत्र वडिलांनी त्यांना कुत्र्याचं मांस खायला दिलं होतं. शेमससाठी रडणाऱ्यांना अचानक परिस्थितीचं महत्त्व आठवलं आणि शेमसवर पांघरूण घालणाऱ्यांना स्वभावाचं. दहा वर्षांच्या आतल्या पोराच्या ताटात काय पडलं, यावरून त्याचं चारित्र्य ठरत नाही, एवढं दोन्ही बाजूंना एकाच वेळी दिसायला हवं होतं. आपल्या माणसाला परिस्थितीची सवलत आणि परक्याला स्वभावाचा ठपका, ही खोड आपल्या सगळ्यांची आहे.

उलट दिशेनंही हे माप फसतं, आणि फार भयंकर फसतं. जर्मनीत नाझी सरकारनं २४ नोव्हेंबर १९३३ रोजी प्राणिसंरक्षणाचा त्या काळातला अत्यंत कडक कायदा केला. हिटलरचा ब्लाँडी या कुत्रीवर जीव होता. कुत्र्यावरची माया माणसांबद्दल काहीच हमी देत नाही, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचं उदाहरण मात्र मला सगळ्यांत जास्त विचारात पाडतं. २७ एप्रिल १९६४ रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर पाहुण्यांसमोर त्यांनी आपल्या बीगल कुत्र्याला दोन्ही कान धरून उचललं. कुत्रा केकाटला, छायाचित्र देशभर छापलं गेलं, प्राणिप्रेमी संतापले. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, २ जुलैला, याच माणसानं वंशभेदाविरुद्धच्या नागरी हक्क कायद्यावर सही केली. पुढच्या वर्षी यानंच व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्य मोठ्या संख्येनं उतरवलं. त्या कानांवरून यातलं काय ओळखता आलं असतं?

१९६५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका घरची पेपर नावाची डाल्मेशियन कुत्री नाहीशी झाली. ती दलालांच्या हातांतून न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पोचली होती आणि तिथेच मेली. चोरून विकल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या बातम्या व छायाचित्रं छापून आली, लोकांनी प्रतिनिधींना पत्रं लिहिली आणि २४ ऑगस्ट १९६६ रोजी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठीचा अमेरिकेचा पहिला केंद्रीय कायदा झाला. त्यावर सही जॉन्सन यांची आहे. तेव्हापासून प्रयोगशाळांना कुत्रीमांजरं पुरवणाऱ्या विक्रेत्यांना परवाना घ्यावा लागू लागला, प्रत्येक जनावराची नोंद ठेवावी लागू लागली, आणि आणलेलं जनावर कामकाजाचे ५ दिवस हलवता येईना, म्हणजे मालक शोधत आला तर त्याला ते सापडावं.