कम्युनिटी कॉलेजात परतणारे प्रौढ विद्यार्थी

अमेरिकेतील दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयांत, म्हणजे कम्युनिटी कॉलेजांत, पूर्वी काही विषय पुरे करून, पदवी न घेताच बाहेर पडलेल्या नोकरदार व संसारी माणसांना पुन्हा वर्गात आणणे आणि त्यांचे शिक्षण तडीस नेणे, या कामाला तेथे गेल्या दोन दशकांत स्वतंत्र धोरणाचे रूप आले आहे.

इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये असे पहिले सार्वजनिक महाविद्यालय निघाले. घराजवळ, कमी शुल्कात आणि प्रवेशासाठी चाळणी न लावता शिकवणारी ही महाविद्यालये आहेत. येथील असोसिएट पदवीला, म्हणजे दोन वर्षांच्या पदवीला, साधारण ६० क्रेडिट (विषय पुरा केल्यावर मिळणारे श्रेयांक) लागतात. प्रवेश सोपा, पण शेवट गाठणे कठीण. सर्व प्रकारच्या महाविद्यालयांचा विचार करता, थोडे शिकून पदवीविना राहिलेल्यांची संख्या विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची व पदव्यांची देशभरची माहिती ठेवणाऱ्या नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाउस या संस्थेच्या २०२३ च्या अहवालात ४ कोटींहून अधिक आहे. यांतले कित्येक जण अभ्यास जमला नाही म्हणून गेलेले नाहीत. बाळंतपण, आईवडिलांचे आजारपण, कामाची बदललेली पाळी, भरता न आलेले शुल्क ही कारणे वारंवार आढळतात.

परतू पाहणाऱ्याला सर्वांत आधी अडवतात त्या जुन्या कागदांतल्या गाठी. काहीशे डॉलरची थकबाकी असली, तरी अनेक महाविद्यालये गुणपत्रक अडवून ठेवत. त्यामुळे कमावलेली क्रेडिट दुसरीकडे दाखवताच येत नसत. थोड्या रकमेसाठी माणसाची वर्षे गोठवणारी ही पद्धत अन्यायाचीच होती. कॅलिफोर्नियाने २०२० पासून तिला कायद्याने मनाई केली. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठाने २०१८ मध्ये, परत येऊन सत्रे पुरी करणाऱ्यांची १,५०० डॉलरपर्यंतची थकबाकी टप्प्याटप्प्याने माफ करायला सुरुवात केली.

दुसरी गाठ जुन्या गुणांची. एकोणिसाव्या वर्षी रीतसर नाव न काढता कॉलेज सोडले, तर त्या सत्राचे सगळे विषय नापास म्हणून नोंदले जातात. पंधरा वर्षांनी महाविद्यालयाने ते गुण सरासरीतून वगळले, तरी केंद्रीय आर्थिक साहाय्याच्या हिशेबात ते धरले जातात आणि साहाय्य अडते. मग अर्ज करून, परिस्थिती समजावून सांगून सूट मिळवावी लागते. हा अर्ज लिहून घेणारा जाणकार समुपदेशक भेटला नाही, तर पुष्कळ जण तिथूनच परत फिरतात.

टेनेसी राज्याचा प्रयोग या क्षेत्रात महत्त्वाचा मानला जातो. २०२५ पर्यंत ५५ टक्के रहिवाशांकडे पदवी किंवा प्रमाणपत्र असावे, असे उद्दिष्ट गव्हर्नर बिल हॅस्लम यांनी ठेवले होते. केवळ शाळेतून नुकत्या बाहेर पडलेल्या मुलांच्या बळावर ते साधणारे नव्हते. म्हणून २०१७ मध्ये ‘टेनेसी रीकनेक्ट’ कायदा झाला आणि २०१८ च्या शरद सत्रापासून, आधी पदवी नसलेल्या प्रौढांना राज्यातील १३ कम्युनिटी कॉलेजांत शिकवणी शुल्क माफ झाले. कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना केंद्राकडून मिळणारे पेल अनुदान वगैरे वजा जाता उरलेले शुल्क राज्य भरते. सत्राला किमान सहा क्रेडिट घेण्याची अट आहे, म्हणजे नोकरी सांभाळून शिकता येते. पुस्तके, पेट्रोल आणि पाळणाघर यांचा खर्च मात्र या अनुदानात धरलेला नाही, आणि प्रौढांचे पाऊल बहुधा याच खर्चांपाशी अडखळते.

शुल्कापलीकडे काय लागते, हे न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘एसॅप’ योजनेने दाखवले. मोजक्याच विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेला समुपदेशक, प्रवासाचा पास आणि पुस्तकांसाठी मदत असे तिचे स्वरूप. तुलनात्मक अभ्यासात तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण २२ वरून ४० टक्क्यांवर गेले. पण तीत पूर्णवेळ शिकणे सक्तीचे आहे, त्यामुळे पोटापाण्याला लागलेल्या माणसासाठी ती जशीच्या तशी उचलता येत नाही.

टेक्सासच्या अमरिलो कॉलेजने वेळापत्रकालाच हात घातला. सोळा आठवड्यांच्या सत्राऐवजी आठ-आठ आठवड्यांचे अभ्यासक्रम केले. मध्येच घरात अडचण आली, तर चार विषय वाया जाण्याऐवजी दोनच जातात. शिवाय अन्नधान्य आणि अडीनडीची रोख मदत एकाच छताखाली मिळते. उत्कृष्ट कम्युनिटी कॉलेजांना दिल्या जाणाऱ्या अ‍ॅस्पेन पारितोषिकाचे २०२३ मध्ये हे कॉलेज एक मानकरी होते.

कामातून मिळालेल्या ज्ञानाला क्रेडिट देण्याची सोयही अनेक ठिकाणी आहे. सैन्यातील प्रशिक्षण किंवा वर्गात न बसता विषयाचे ज्ञान तपासणारी ‘क्लेप’ परीक्षा यांच्या आधारे ते दिले जाते. काही जण कम्युनिटी कॉलेजातून चार वर्षांच्या विद्यापीठात जातात व तिथून पदवी न घेताच बाहेर पडतात. त्यांची तिथली क्रेडिट मूळ कॉलेजकडे परत पाठवून हिशेब केला, तर कधी असोसिएट पदवी आधीच पुरी झालेली निघते. ही देवाणघेवाण विद्यार्थ्याच्या संमतीने होते, आणि कॉलेजच्या दप्तरी असलेला पत्ता व फोन बहुतेक वेळा कधीच बदललेला असतो. त्यामुळे अशा योजनांतला मोठा वेळ माणूस शोधण्यातच जातो.