जननेंद्रियांचे विषाणूसंसर्ग : मलम कुठे उपयोगी पडते?

सोलापुरात काय किंवा अन्यत्र काय, जांघेत अथवा जननेंद्रियावर काही उठले की माणूस लाजेपोटी डॉक्टरांकडे न जाता औषधाच्या दुकानातून मलमाची ट्यूब आणतो. तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांची खिचडी असते. खाज दोन दिवस थांबते. पण विषाणूवर यांतला एकही घटक काम करत नाही आणि स्टेरॉइडमुळे त्या जागेची प्रतिकारशक्ती दबून संसर्गाला मोकळे रान मिळते.

वास्तविक विषाणू कोणता आहे यावर सारे अवलंबून असते. जननेंद्रियावरच्या चामखिळींपैकी सुमारे ९० टक्के एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे होतात. हा विषाणू कातडीच्या वरच्या थरांतच राहतो, म्हणून येथे बाहेरून लावलेले औषध पोहोचते. हिमालयातही उगवणाऱ्या वनककडीच्या कुळातील झाडांच्या मुळांतून निघणारी पोडोफायलिन ही राळ १९४२ पासून यासाठी प्रचारात आली; ती पेशींचे विभाजन रोखते. डॉक्टर आजूबाजूच्या निरोगी कातडीला व्हॅसलीन लावून मगच ती चामखिळीवर टेकवतात आणि काही तासांत धुवायला सांगतात, कारण जास्त वेळ राहिल्यास जखम होते. गर्भवतीला ती मुळीच चालत नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या इमिक्विमॉड या मलमाची तऱ्हा निराळी : ते विषाणूला स्वतः मारत नाही, तर त्या जागी इंटरफेरॉन ही विषाणूविरोधी प्रथिने तयार करवून शरीरालाच कामाला लावते. आठवड्यातून तीनदा रात्री लावून सकाळी धुवायचे, असे जास्तीत जास्त १६ आठवडे चालते. एवढे करूनही चामखिळी पुन्हा येऊ शकतात, कारण शेजारच्या धडधाकट दिसणाऱ्या कातडीतही विषाणू असतो.

हर्पिसचे तसे नाही. त्याचे फोड पाहून अनेकजण ‘नागीण’ म्हणतात. नागिणीचा विषाणू त्याच कुळातला, पण वेगळा आहे. हर्पिसचा विषाणू फोड सुकल्यावर कण्याजवळच्या चेतागंडांत (मज्जापेशींच्या गाठींत) जाऊन दडतो. त्यावरचे असायक्लोव्हिर हे औषध अमेरिकेत १९८२ मध्ये प्रथम मलमाच्याच रूपात मान्य झाले, परंतु खरा गुण आला तो गोळ्यांनी. ज्या संशोधनपरंपरेतून हे औषध निघाले, तिच्यासाठी गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चे नोबेल विभागून मिळाले. आपल्या सरकारी उपचारात हर्पिससाठी जे लाल किट देतात, त्यात असायक्लोव्हिरच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या असतात : दिवसातून तीन, सात दिवस. गोळ्यांनीही दडलेला विषाणू नष्ट होत नाही, मात्र त्रास लवकर आटोक्यात येतो.

सोलापुरात १९६३ साली सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सिव्हिल हॉस्पिटलात त्वचारोग आणि गुप्तरोग एकाच विभागात पाहिले जातात. देशातल्या या तज्ज्ञांच्या दोन जुन्या संस्थाही १९७३ मध्ये एक झाल्या. मला ही सोय फार मोलाची वाटते : गजकर्णाचा, कोडाचा आणि चामखिळींचा रुग्ण एकाच रांगेत बसतात आणि कोण कशासाठी आला आहे हे कोणालाच कळत नाही.

एचपीव्हीचे १६ आणि १८ हे प्रकार मात्र चामखिळींऐवजी गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवतात आणि तेथे मलमाचा प्रश्नच उरत नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पुण्यात तयार झालेल्या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. ती ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांपासून संरक्षण देते, मात्र आधीच झालेला संसर्ग बरा करत नाही, म्हणून ती नऊ ते चौदा या वयात देणे सर्वांत उपयोगाचे.