तुतीवरील रोग व किडी

तुतीचा पाला हेच रेशीम अळीचे अन्न असल्याने या पिकावरील कीड मारताना शेतकऱ्याचे हात बांधलेले असतात. कपाशीवर चालणारे कीटकनाशक येथे सरसकट चालत नाही; शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्याने पाल्यावर आली तरी संगोपनगृहातली अख्खी बॅच दगावू शकते. जैविक म्हणून सुरक्षित समजले जाणारे बीटी, म्हणजे अळ्या मारणाऱ्या एका जिवाणूपासूनचे कीटकनाशक, तेही तुतीबागेत वर्ज्य. तो जिवाणू जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना 1901 मध्ये सापडला, तोच मुळी आजारी रेशीम अळ्यांत!

सर्वांत ओळखीची कीड गुलाबी पिठ्या ढेकूण. तो शेंड्यातला रस शोषतो. पाने गडद हिरवी, चुरगळलेली होतात, पेरे आखूड राहून शेंड्याचा गुच्छ बनतो. या विकृतीला ‘तुक्रा’ म्हणतात. असे शेंडे खुडून जाळावेत आणि क्रिप्टोलिमस हे परभक्षी भुंगेरे एकरी 250 या प्रमाणात सोडावेत. या भुंगेऱ्याची अळी पांढऱ्या मेणाने माखलेली, थेट पिठ्या ढेकणासारखीच दिसते. त्यामुळे मित्रकीटकच चिरडला जाण्याचा धोका असतो. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही, अळी मात्र चपळ असते, एवढे पाहून घ्यावे.

पपईवरचा पिठ्या ढेकूण ही परदेशातून आलेली कीड. 2008 मध्ये तो कोइमतूरला आढळला आणि तमिळनाडूतील तुतीबागांत पसरला. 2010 मध्ये पोर्तो रिकोहून परोपजीवी गांधीलमाश्या आणल्या. त्यांतल्या असेरोफॅगस पपाये या जातीने तो आटोक्यात आणला. पाने गुंडाळणारी अळी पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत कोवळी पाने धाग्याने बांधून आतून खाते. तिच्या अंड्यांचा नाश करण्यासाठी ट्रायकोग्रामा या अंड्यांवर जगणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाशीची कार्डे लावतात. फुलकिडे, पांढरी माशी यांचाही उपद्रव होतो.

बुरशीजन्य रोगांत पावसाळ्यात पानांवरील ठिपके, हिवाळ्यात भुरी आणि तांबेरा. भुरीची पांढरी पूड पानाच्या खालच्या बाजूस असते. पाला वेळेवर कापला आणि झाडांत हवा खेळती राहिली तर हे रोग फारसे वाढत नाहीत.

खरा घोर मुळांचा. एकदा लावलेली बाग बरीच वर्षे उभी राहते, म्हणून जमिनीतला रोगही तिथेच मुरतो. सूत्रकृमी या जमिनीतल्या अतिसूक्ष्म कृमींमुळे मुळांवर गाठी येऊन झाड खुरटते. निंबोळी पेंड व झेंडूचे आंतरपीक उपयोगी पडते. मूळकुजीत झाड अचानक सुकते, मुळाची साल सहज सुटते. असे झाड मुळासकट काढून जाळावे, खड्ड्यात शेणखतात मुरवलेली ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी घालून मगच नवे रोप लावावे.