षण्मुखी मुद्रा : नादश्रवणाकडून प्रत्याहाराकडे

अंगठ्यांनी कान, तर्जनींनी डोळे, मधल्या बोटांनी नाकपुड्या आणि अनामिका व करंगळ्यांनी ओठ मिटून करावयाची षण्मुखी मुद्रा आज प्रत्याहाराचा, म्हणजे इंद्रिये बाह्य विषयांपासून मागे वळवण्याचा, अभ्यास म्हणून शिकवली जाते. परंतु पतंजलींच्या योगसूत्रांत तिचा उल्लेख नाही. तेथील प्रत्याहारात इंद्रिये आपापले विषय सोडून चित्ताचे अनुकरण करतात, आणि योगसूत्रांवरील व्यासभाष्यात त्यासाठी आपल्या राजमाशीमागोमाग उडणाऱ्या व बसणाऱ्या मधमाश्यांचा दृष्टान्त आला आहे. चित्ताचा निरोध झाला की इंद्रियांचाही होतो. त्यासाठी वेगळा उपाय तेथे लागत नाही.

या मुद्रेचे मूळ हठयोगातील नादानुसंधानात, म्हणजे आतला नाद ऐकत त्यात मन लावण्याच्या साधनेत, शोधावे लागते. स्वात्मारामाने पंधराव्या शतकात रचलेल्या हठप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात (अध्यायात) कान, डोळे, नाक आणि मुख यांचा निरोध सांगितला आहे तो सुषुम्ना या मधल्या नाडीच्या मार्गात निर्मळ नाद स्पष्ट ऐकू यावा म्हणून. हा नाद आरंभी समुद्र, मेघ आणि भेरी यांच्यासारखा घनगंभीर, पुढे मर्दल, शंख व घंटा यांच्यासारखा, आणि अखेरीस किंकिणी, वेणू, वीणा व भ्रमर यांच्या ध्वनीइतका सूक्ष्म होत जातो, आणि त्याच्या मागे जाणारे मन शेवटी त्यातच लीन होते, असे तेथील वर्णन आहे. आजच्या वर्गांत बोटांची ठेवण काटेकोरपणे सांगितली जाते, पण नादाचा विषय पुष्कळदा निघतच नाही, ही मला गंभीर उणीव वाटते.

त्यानंतरच्या घेरंडसंहितेत बोटांची हीच मांडणी 25 मुद्रांपैकी योनिमुद्रेत येते आणि तिला शरीरातील सहा चक्रांच्या (षट्चक्रांच्या) ध्यानाची जोड मिळते. प्रत्याहारासाठी मात्र त्या ग्रंथात स्वतंत्र चौथा उपदेश असून त्यात भटकणारे मन परत आत्म्याच्या ताब्यात आणण्यावरच भर आहे. शिवसंहिता या हठयोगावरील दुसऱ्या ग्रंथातील योनिमुद्रा तर याहून सर्वस्वी निराळी असल्याने केवळ नावावरून कृती ठरवता येत नाही.

लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेने हठप्रदीपिका आणि घेरंडसंहिता या दोन्ही ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या काढल्यामुळे हे मूळ पाठ अभ्यासकांना ताडून पाहता येतात. पुण्याचे योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार यांनी 1966 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या मुद्रेची थोडी वेगळी ठेवण दिली : तर्जनी व मधले बोट मिटलेल्या पापण्यांवर, अनामिका नाकपुड्यांवर आणि करंगळी वरच्या ओठावर. तीत नाकपुड्या पूर्ण बंद न करता केवळ अरुंद केल्या जातात, त्यामुळे श्वास रोखून न धरता संथ आणि एकसारखा चालू ठेवता येतो.