बुजलेल्या गुहा आणि आटणारे झरे : टेक्सासमधील स्वयंसेवी गुहासफाईची पार्श्वभूमी

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या मध्यभागी, ऑस्टिन आणि सॅन अँटोनियो या शहरांच्या आसपासच्या खडकाळ माळावर, हिवाळ्यातल्या एखाद्या शनिवारी पुढील दृश्य पाहायला मिळते. ओक आणि जुनिपरच्या झाडीत जेमतेम एक माणूस उतरू शकेल एवढे भोक असते. त्यावर तिपाई उभी करून कप्पीला दोर लावलेला असतो. खाली कुणीतरी पहारीने घट्ट बसलेला गाळ मोकळा करत असतो आणि भरलेल्या बादल्या हातोहात वर येत असतात. बादली उपडी केली की माती-दगडांबरोबर काटेरी तारेचे तुकडे, गंजलेले डबे, बाटल्यांच्या काचा आणि गुरांची हाडेही बाहेर पडतात. हे काम करणारे बहुतेक लोक गुहाशोधनाचा छंद असलेले हौशी असून त्यांना त्याचा मोबदला मिळत नाही. पावसाचे पाणी ज्या वाटेने पूर्वी जमिनीखाली उतरत होते ती वाट पुन्हा मोकळी व्हावी, एवढाच त्यांचा उद्देश असतो. या वाटा बुजल्या कशा, आणि त्या उघडणे हे पाणीपुरवठ्याचे काम आहे हे लक्षात येण्यास इतका काळ का लागला, हे समजून घेण्यासाठी एडवर्ड्स जलधराचा, म्हणजे तेथील विहिरींना आणि झऱ्यांना पाणी पुरवणाऱ्या भूगर्भातील सच्छिद्र खडकाच्या थराचा, इतिहास पाहावा लागतो.

एडवर्ड्स हा चुनखडीचा जलधर आहे. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस कालखंडातील उथळ समुद्राच्या तळाशी हा खडक तयार झाला. पुढे बाल्कोनेस प्रस्तरभंगाच्या पट्ट्यात तो तुटला, सरकला आणि त्याला असंख्य भेगा पडल्या. हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळून किंचित आम्लधर्मी झालेले पावसाचे पाणी या भेगांतून मुरत राहिले आणि खडक विरघळवत गेले, त्यामुळे भेगांच्या नळ्या झाल्या, नळ्यांच्या गुहा झाल्या आणि जिथे छत कोसळले तिथे विलयविवरे तयार झाली. महाराष्ट्रातील बहुतांश भागाखाली बेसाल्टचा कातळ आहे आणि पाणी त्याच्या झिजलेल्या थरांत व सांध्यांत हळूहळू मुरते, त्यामुळे हे चित्र आपल्या डोळ्यांसमोर सहज उभे राहत नाही. एडवर्ड्सच्या प्रदेशात मात्र वाहता ओढा एखाद्या ठिकाणी पात्रातच गडप होतो आणि पुढचे पात्र कोरडे पडते. ज्या अरुंद पट्ट्यात ही चुनखडी उघडी पडली आहे त्याला पुनर्भरण क्षेत्र म्हणतात. त्या पट्ट्यात जे खाली गेले ते जलधरात गेले; पट्टा ओलांडून पुढे वाहून गेलेले पाणी या जलधराच्या दृष्टीने हातचे गेलेले असते.

गुहांच्या तोंडाशी माणसाचा पहिला व्यवहार मात्र ती बंद करण्याचाच होता. एकोणिसाव्या शतकात या प्रदेशात गुरे, मेंढ्या आणि शेळ्या पाळणारी मोठी कुरणे उभी राहिली. कुरणाच्या मालकाच्या दृष्टीने जमिनीतले उघडे भोक म्हणजे वासरू पडून पाय मोडण्याची जागा होती, म्हणून त्याने त्यात दगड टाकले, तोडलेली झुडपे कोंबली, जुनी तार टाकली. कचरा नेणारी कुठलीही व्यवस्था नसल्याने घरातला केरकचरा आणि मेलेली जनावरेही तिथेच गेली. त्याच्या जागी आपण असतो तर वेगळे वागलो असतो असे मला वाटत नाही, कारण त्या भोकाचा आणि कित्येक मैलांवरच्या झऱ्याचा संबंध त्याला कुणी दाखवून दिला नव्हता. दुसरे कारण कमी दिसणारे, पण तितकेच परिणामकारक होते. अतिचराईमुळे गवत गेले, गवत गेल्याने उघडी पडलेली माती प्रत्येक पावसात वाहून खोलगट जागी जमू लागली आणि दगड-काटक्यांनी अर्धवट अडलेल्या तोंडांत ती घट्ट बसली. शहरे वाढल्यावर रस्ते आणि वसाहतींच्या बांधकामात उरलीसुरली विवरेही सपाट करण्यात आली.

झऱ्यांचे मोल लोकांना कळले ते दुष्काळात. 1950 ते 1957 या काळात टेक्सासवर जो दुष्काळ पडला तो आजही तेथील जलनियोजनाचे माप म्हणून वापरला जातो. सॅन अँटोनियोतील जे-17 या निरीक्षण विहिरीतील पातळी ऑगस्ट 1956 मध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे 612 फुटांपर्यंत उतरली. नोंदींतील ती सर्वांत नीचांकी पातळी आहे. त्याच वर्षी न्यू ब्राउनफेल्स येथील कोमल झरे जून ते नोव्हेंबर असे 144 दिवस पूर्ण बंद पडले. राज्यातील सर्वांत मोठ्या झऱ्यांमध्ये गणले जाणारे हे पाणी थांबले, तेव्हा उपसा आणि झरा यांचा हिशेब एकाच खात्यात मांडावा लागतो हे सर्वांना दिसून आले. 1959 मध्ये एडवर्ड्स भूजल जिल्हा, म्हणजे या भूजलाची देखरेख करणारी सरकारी संस्था, स्थापन झाला. 1975 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने सॅन अँटोनियोच्या या जलधराला पिण्याच्या पाण्याचा एकमेव स्रोत असा दर्जा दिला, आणि देशात हा दर्जा प्रथम याच जलधराला मिळाला.

उपशावर बंधन येण्यास मात्र आणखी वेळ गेला. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने 1904 मध्ये दिलेल्या निकालाने जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी हवे तितके उपसण्याची मुभा दिली होती. 1991 मध्ये सॅन अँटोनियोजवळ कॅटफिश पालनासाठी खोदलेल्या एका विहिरीतून दिवसाला 4 कोटी गॅलनांहून अधिक पाणी येऊ लागले, तेव्हा त्या मुभेचा अर्थ लोकांना नव्याने कळला. त्याच सुमारास झऱ्यांतील दुर्मिळ जलचरांच्या संरक्षणासाठी संघराज्याच्या न्यायालयात खटला उभा राहिला, आणि त्यातील निकालानंतर 1993 मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने एडवर्ड्स जलधर प्राधिकरण निर्माण करून उपशासाठी परवाने बंधनकारक केले. ऑस्टिनच्या बार्टन झऱ्यांकडे जाणाऱ्या भागासाठी वेगळा संवर्धन जिल्हा 1987 मध्येच स्थापन झाला होता.

उपसा कमी करणे ही एक बाजू झाली. पाणी आत जाण्याच्या बाजूने केलेला मोठा सरकारी प्रयत्न बंधाऱ्यांचा होता, आणि त्यातील एका घटनेने पुढच्या गुहासफाईला मोलाचा धडा दिला. भूजल जिल्ह्याने 1974 ते 1982 या काळात मेडिना परगण्यात चार पुनर्भरण बंधारे बांधले. त्यांपैकी सेको ओढ्यावरील बंधारा पुराचे पाणी वळवून व्हॅल्डिना फार्म्स या मोठ्या विलयविवरात सोडण्यासाठी होता. कागदावर ही कल्पना चोख होती. पण ते विवर म्हणजे रिकामा हौद नव्हता. तिथे वटवाघळांची मोठी वसाहत होती आणि अंधारात राहणारे सॅलॅमँडर (पालीसारखे दिसणारे उभयचर) होते. 1987 च्या पुरात पाणी गुहेत घुसले, वटवाघळांची वसाहत नष्ट झाली आणि त्या गुहेतील सॅलॅमँडरही नाहीसे झाल्याचे मानले जाते. पुनर्भरण वाढवणे आणि पुनर्भरण पूर्ववत करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इथे फार मोठी किंमत देऊन समजले. बाहेरचे जास्तीचे पाणी आणून गुहेत ओतणे हा पहिला प्रकार, आणि माणसाने टाकलेले काढून घेऊन तिच्या स्वतःच्या उतारावरचे पाणी तिला परत मिळवून देणे हा दुसरा. स्वयंसेवकांचे काम दुसऱ्या प्रकारात मोडते, आणि मला ते त्याच कारणासाठी महत्त्वाचे वाटते.

गुहा कुठे आहेत हेच माहीत नसेल तर त्या स्वच्छ करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि ही माहिती मुख्यतः हौशी लोकांनी जमवली. राष्ट्रीय गुहाशोधन संस्था 1941 मध्ये स्थापन झाल्यावर टेक्सासच्या शहरांत आणि विद्यापीठांत तिच्या शाखा निघाल्या. 1961 मध्ये सुरू झालेल्या टेक्सास स्पेलिऑलॉजिकल सर्व्हे या उपक्रमाने परगणावार गुहांचे नकाशे आणि नोंदी एकत्र करायला सुरुवात केली. होकायंत्र, उतारमापक आणि मोजपट्टी घेऊन पोटावर सरपटत काढलेले हे नकाशे त्या वेळी बहुतेकांच्या दृष्टीने छंदाचा भाग होते. पुढे वसाहती, महामार्ग आणि जलवाहिन्या पुनर्भरण क्षेत्रात शिरू लागल्या, तेव्हा शासनाला आणि शास्त्रज्ञांना लागणारी मूळ माहिती याच नोंदींत सापडली. 1986 मध्ये गुहांच्या व्यवस्थापनासाठी टेक्सास केव्ह मॅनेजमेंट असोसिएशन ही स्वयंसेवी संस्था स्थापन झाली. सॅन अँटोनियो शहराच्या वस्तीतली रॉबर बॅरन गुहा 1995 मध्ये तिच्या ताब्यात आली. एकेकाळी तिकीट लावून दाखवली जाणारी ही गुहा कोळ्यांच्या वर्गातील दोन दुर्मिळ अष्टपाद जीवांचे घर आहे. पुढे स्वयंसेवकांच्या श्रमातून तिच्या तोंडाचे विवर पूर्वपदावर आणण्याचे काम झाले.

ऑस्टिनमध्ये या कामाला शास्त्रीय आधार मिळाला तो रंगचाचण्यांमुळे. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात शास्त्रज्ञांनी गुहांमध्ये आणि ओढ्यांच्या पात्रांतील विवरांमध्ये निरुपद्रवी रंगद्रव्ये सोडली आणि झऱ्यांत, विहिरींत सक्रिय कोळशाच्या पुड्या टांगून ती कुठे उगवतात हे तपासले. मैलोन्‌मैल दूर सोडलेला रंग काही वेळा अवघ्या काही दिवसांत बार्टन झऱ्यांत पोहोचला. ज्या तलावात लोक बाराही महिने पोहतात, ज्याचे पाणी वर्षभर 20 ते 21 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, त्याचा आणि एखाद्या कुरणातल्या कचऱ्याने भरलेल्या भोकाचा संबंध आता डोळ्यांनी दिसत होता. या वेगाचा दुसरा अर्थही तितकाच गंभीर आहे. वाळू-मातीच्या थरातून झिरपताना पाणी गाळले जाते, पण चुनखडीच्या नळीतून धावणाऱ्या पाण्याला गाळणी नसते. वर जे मिसळले ते तसेच खाली येते. म्हणून गुहेचे तोंड उघडण्याआधी तिच्या पाणलोटाची जमीन स्वच्छ असावी लागते. बोअरवेलमध्ये छतावरचे किंवा शेतातले पाणी गाळणीशिवाय सोडू नये, असे आपल्याकडचे जाणकार सांगतात तेही याच कारणाने.

जमिनीचा प्रश्न ऑस्टिनच्या मतदारांनी मतपेटीतून हाताळला. 1992 मध्ये झरे वाचवण्याचा नियम त्यांनी मंजूर केला, आणि मे 1998 मध्ये पुनर्भरण व पाणलोट क्षेत्रातील सुमारे 15,000 एकर जमीन सुरक्षित करण्यासाठी 6.5 कोटी डॉलरच्या रोख्यांना मान्यता दिली. सॅन अँटोनियोने 2000 मध्ये विक्रीकराचा छोटा हिस्सा याच कामासाठी वेगळा काढला आणि पुढील तीन मतदानांत तो कायम ठेवला. या जमिनी सार्वजनिक ताब्यात आल्यामुळे त्यांवरच्या बुजलेल्या विवरांचा पद्धतशीर शोध घेणे आणि ती उपसणे शक्य झाले. बुडा गावाजवळ अनियन ओढ्याच्या पात्रातच अँटिऑक गुहेचे तोंड आहे. तिथे संवर्धन जिल्ह्याने झडपेची काँक्रीटची कुंडी बांधली, जेणेकरून पुराच्या सुरुवातीचे गढूळ पाणी बाहेर राहावे आणि निवळलेले पाणी आत जावे. ओढ्यांच्या पात्रांवर इतका भर होता, कारण 1980 च्या दशकातील अभ्यासाने बार्टन झऱ्यांच्या पुनर्भरणाचा सुमारे 85 टक्के वाटा पात्रांतून येतो असे मांडले होते. नंतरच्या मोजमापांनी माळावरच्या विवरांचा वाटा त्या अंदाजाहून बराच अधिक असल्याचे दाखवले, आणि माळावरच्या लहानशा भोकांनाही महत्त्व आले.

प्रत्यक्ष काम संथ आहे आणि ते संथ असणेच योग्य आहे. आधी माळावर ठरावीक अंतर राखून रांगेने चालत जमिनीतला प्रत्येक खळगा नोंदवला जातो. बुजलेल्या विवराखाली गुहा असल्याची सर्वांत विश्वासार्ह खूण म्हणजे हवा: बाहेरचा वायुदाब बदलला की दगडांच्या फटीतून वारा आत-बाहेर करतो, आणि ऑस्टिनच्या दक्षिणेकडील ‘ब्लोइंग सिंक’ गुहेचे नाव त्यावरूनच पडले आहे. उन्हाळ्यात येथील अनेक गुहांमध्ये कार्बन डायऑक्साइड साचून हवा श्वास घेण्यास धोकादायक होते, म्हणून खोदकाम मुख्यतः थंडीत केले जाते. 1988 मध्ये ऑस्टिन परिसरातील आणि 2000 मध्ये सॅन अँटोनियो परिसरातील गुहांत राहणारे कोळी, भुंगेरे आणि तत्सम जीव संकटग्रस्त म्हणून जाहीर झाल्यापासून जीवशास्त्रज्ञाची पाहणी आणि परवानगी यांशिवाय त्यांच्या अधिवासात हात घालता येत नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न थांबायचे कुठे हा असतो. वरचा काळपट, भुसभुशीत गाळ आणि त्यात सापडणारी काच किंवा तार हे तो थर माणसाच्या काळातला असल्याचे पुरावे असतात. त्याखाली तांबडी, चिवट आणि कचऱ्याचा मागमूस नसलेली माती लागली, तर ती हजारो वर्षांपूर्वीची असू शकते. सॅन अँटोनियोजवळच्या फ्रीझनहान गुहेतल्या अशाच जुन्या साठ्यांत हिमयुगातील खंजीरदंती मार्जारांचे आणि मॅमथच्या पिलांचे अवशेष मिळाले. म्हणून जाणकार गट बादली रिकामी करताना गाळ हाताने चाचपतो, हाड दिसले की काम थांबवतो आणि जुना थर लागला की खोदकामाची सीमा तिथेच आखतो. काढलेला गाळ पावसाने पुन्हा आत ओघळू नये म्हणून विवराच्या उताराबाहेर नेऊन पसरला जातो, कडांवर गवताचे बी टाकले जाते आणि तोंडावर आडव्या गजांची जाळी बसवली जाते. गजांमधले अंतर ठरवताना पाण्यापेक्षा जिवांचा विचार अधिक असतो. मुले आणि गुरे आत पडू नयेत, पण वटवाघळाला उडत जाता यावे, आणि रात्री बाहेर चरून पहाटे परतणाऱ्या गुहेतील रातकिड्यांना अडथळा होऊ नये, कारण ते बाहेरून जे पोटात घेऊन येतात त्यावर गुहेतील इतर अनेक जीव जगतात.