स्पार्क प्लगदोष, पुनर्बांधलेल्या एटीव्ही एंजिनातील

रुंद व कमी दाबाचे टायर असलेल्या, हँडलने वळवायच्या रस्ताबाह्य वाहनास एटीव्ही म्हणतात. त्याचे पेट्रोल एंजिन पूर्ण उघडून बोअर, पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह किंवा बेअरिंगे नवी बसविल्यानंतर ते सुरू न होणे, मिसिंग करणे (मधूनच ठिणगी चुकून धक्के खाणे), मिश्रण पेटविणारा प्लग वरचेवर काळा किंवा ओला होणे अशा तक्रारी येतात. त्यांचा येथे विचार केला आहे. अशा वेळी प्लग हे बहुधा दोषाचे कारण नसून लक्षण असते. त्यामुळे नुसता प्लग बदलून आलेला गुण सहसा टिकत नाही.

इतिहास : विजेच्या ठिणगीने वायुमिश्रण पेटविण्याची कल्पना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यांच्या विद्युत् पिस्तुलापर्यंत मागे नेता येते. स्पार्क प्लगचा जनक कोण, याविषयी मात्र एकमत नाही. काही लेखक एदमाँ बेर्झे यांना 1839च्या सुमारास या शोधाचे श्रेय देतात. बेर्झे यांच्या नावावर एकस्व (पेटंट) नसल्याने हे मत सावधपणेच घ्यावे लागते. पॅरिसमध्ये काम करणारे, जन्माने बेल्जियन असलेले एत्येन लन्वार यांनी 1860मध्ये एकस्व मिळविलेल्या वायू-एंजिनात रुमकॉर्फ वेटोळ्याच्या (उच्च व्होल्टता देणाऱ्या प्रवर्तन वेटोळ्याच्या) साहाय्याने सिलिंडरातच ठिणगी पाडली जाई. चालत्या एंजिनातील वापर हा निकष धरल्यास लन्वार यांचा दावा अधिक भक्कम ठरतो. 1898मध्ये निकोला टेस्ला, फ्रेडरिक सिम्स व रॉबर्ट बॉश या तिघांच्या नावे ठिणगी-प्रज्वलनाची एकस्वे नोंदली गेली. त्यांवरून ‘1898चा शोध’ असेही लिहिले जाते, पण ती तारीख शोधाची नसून एकस्वांची आहे. प्लगचा व्यवहारातील प्रसार बॉश यांचे अभियंते गोटलोब होनोल्ड यांनी 1902मध्ये सिद्ध केलेल्या उच्चदाब मॅग्नेटोनंतर (चुंबकाच्या साहाय्याने ठिणगीची वीज निर्माण करणाऱ्या यंत्रानंतर) झाला. विद्युत् निरोधक म्हणून प्रथम पोर्सेलिन व अभ्रक वापरीत. 1930नंतरच्या दशकांत त्यांची जागा ॲल्युमिना मृत्तिकेने घेतली.

एटीव्हीची वंशावळही अशीच वादग्रस्त आहे. कॅनडातील 1960च्या सुमाराची सहाचाकी ‘जिगर’ गाडी काही जण तिच्या आरंभी ठेवतात. होंडाची तीनचाकी 1970मध्ये अमेरिकेत विक्रीस आली. सुझुकीच्या क्वाडरनर एलटी-125पासून (1982–83) चारचाकी रचना रूढ झाली. तीनचाकींची नवी विक्री अमेरिकेत 1988च्या सुमारास थांबली. तथापि जुनी एंजिने दुरुस्त करून चालविणे अद्याप सुरू आहे.

उष्णमान : निरोधकाच्या टोकाचे तापमान सामान्यतः 450–500° से.च्या वर राहिले तर त्यावरील काजळी जळून जाते. ते 850–900° से.च्या पलीकडे गेल्यास टोकच मिश्रण अकाली पेटवू लागते. ज्या प्लगच्या निरोधकाचे नाक लांब, तो ‘गरम’ (उष्णता हळू सोडणारा). नाक आखूड, तो ‘थंड’. येथे अंकांचा मोठा घोटाळा आहे. एनजीकेच्या खुणेत अंक वाढला की प्लग थंड होतो. चँपियन आणि बॉशच्या आधुनिक खुणेत अंक वाढला की गरम. बॉशची जुनी मूल्ये (उदा., 175, 225) पुन्हा उलट दिशेने चालत. त्यामुळे दुकानदाराने ‘त्याच नंबरचा’ म्हणून दिलेला दुसऱ्या कंपनीचा प्लग तपासूनच बसवावा. उष्णमानाइतकीच आट्यांची लांबी महत्त्वाची आहे (12.7 आणि 19 मिमी. या सर्रास आढळतात). आखूड प्लगने हेडमधील आटे उघडे राहून त्यांत कार्बन साचतो, तर लांब प्लग पिस्टनवर आपटू शकतो.

पुनर्बांधणीतील कारणे : ठिणगी मुळीच येत नसेल तर प्रथम अर्थिंग (विजेचा परतीचा मार्ग) पाहावे. एंजिनाच्या केसिंगला व चौकटीला नवा रंग दिल्यावर इग्निशन कॉइल रंगावरच बसविली जाते किंवा अर्थची तार जोडायची राहते. सीडीआय (धारित्र-विसर्जन प्रज्वलन) पद्धतीत धारित्रावर काहीशे व्होल्टचा भार साठतो व कॉइल त्याचे हजारो व्होल्टमध्ये रूपांतर करते. परतीचा मार्गच तुटला तर या साखळीतील बाकी सर्व भाग धडधाकट असूनही उपयोग होत नाही. फ्लायव्हील व ठिणगीची वेळ सांगणारी पिकअप कॉइल यांतील फट ठरावीकच लागते. फ्लायव्हीलची चावी कातरली गेल्यास ठिणगी उत्तम पडते, पण चुकीच्या वेळी; परिणामी किक उलटी मारते किंवा कार्ब्युरेटरातून फटाके फुटतात.

चतुर्घाती (फोर-स्ट्रोक) एंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बसविताना एक दात चुकणे हा नेहमीचा दोष होय. कॅमच्या चक्राला 30 दात असतील तर एका दाताची चूक म्हणजे कॅमवर 12° आणि क्रँकवर 24°. याउलट ‘कॅम 180° उलटा बसला’ हे निदान बरेचदा निराधार असते. पिकअप फ्लायव्हीलवर असलेल्या एकसिलिंडरी एंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते, मग पिस्टन दाबघाताच्या शेवटी वर असो वा निष्कास घाताच्या. त्यामुळे कोणताही शिरोबिंदू (पिस्टनची सर्वांत वरची स्थिती) धरून कॅम बसविला तरी चालतो. कॅमच्या टोकावर पॉइंट किंवा पिकअप असलेल्या जुन्या एंजिनांना हे लागू नाही. टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) मात्र नेहमी दाबघाताच्या शिरोबिंदूवरच लावावेत. ते घट्ट राहिल्यास व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही व कॉम्प्रेशन पडते. कॉम्प्रेशन मोजताना थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा. काही कॅमवर किक हलकी करणारी डीकॉम्प्रेसर योजना असते व तिच्यामुळे आकडा मुळातच कमी येतो. तो पाहून नव्या रिंगांना दोष देण्याआधी गळती-चाचणी (सिलिंडरात हवा भरून ती कोठून निसटते हे पाहणे) करावी.

द्विघाती (टू-स्ट्रोक) एंजिनांत (उदा., 1987मध्ये आलेली यामाहा बॅन्शी) क्रँकचे सील निर्णायक ठरतात. मॅग्नेटोच्या बाजूचे सील गळले तर हवा ओढली जाऊन मिश्रण विरळ होते (पेट्रोल कमी, हवा जास्त) व प्लग पांढरा पडतो. गिअरबॉक्सच्या बाजूचे गळल्यास गिअरचे तेल आत येऊन प्लग ओला होतो आणि सायलेन्सर अखंड धूर सोडतो. ही गळती पकडण्यासाठी एंजिनाची सर्व तोंडे बंद करून आत सुमारे 0.4 बार दाब देतात व तो टिकतो का ते पाहतात. पेट्रोलात तेल वाढविले की मिश्रण ‘समृद्ध’ (पेट्रोल जास्त असलेले) होते, हा समज चुकीचा आहे. तेलाने जागा व्यापल्यामुळे जेटमधून (कार्ब्युरेटरातील इंधनाच्या बारीक छिद्रातून) पेट्रोल उलट कमी जाते.

चाचणी : प्लग बाहेर काढून हेडला टेकवून ठिणगी पाहणे ही गॅरेजातील सार्वत्रिक रीत आहे, पण तिचे प्रामाण्य मर्यादित आहे. पाशेन यांच्या नियमानुसार (1889) ठराविक फटीत दाब वाढला की ठिणगी पडण्यास जास्त व्होल्टता लागते. बाहेर निळी दिसणारी ठिणगी त्यामुळे सिलिंडरात कॉम्प्रेशनखाली विझू शकते. प्लग अर्थला न टेकवता किक मारल्यास कॉइल किंवा सीडीआय जळण्याचा धोका असतो. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असल्याने ठिणगी त्यापासून दूर ठेवावी.

प्लगचा रंग : कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, चोक अडकलेला किंवा एअर फिल्टर तुंबलेला. तेलकट काळा थर म्हणजे रिंगा न बसणे, ऑइल रिंगेची टोके एकावर एक चढणे किंवा व्हॉल्व्ह सील निकामी होणे. पांढरा, फोड आलेला निरोधक म्हणजे विरळ मिश्रण किंवा ठिणगी लवकर पडणे. त्यावर ॲल्युमिनियमचे चकचकीत ठिपके असतील तर पिस्टन वितळू लागला आहे, एंजिन तात्काळ बंद करावे. फिकट तपकिरी रंग उत्तम, हा जुना नियम शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातील आहे. शिसेविरहित इंधनावर निरोगी प्लगही बराच पांढरट दिसतो. म्हणून अलीकडचे जाणकार निरोधकाच्या मुळाशी उमटणारी वर्तुळाकार रेघ पाहतात, आणि हेच मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय रंग हा शेवटच्या थ्रॉटल-स्थितीचा असतो. निष्क्रिय गतीवर (आयडलवर) चालवून काढलेला प्लग मुख्य जेटविषयी काहीच सांगत नाही. पूर्ण थ्रॉटलवर चालवून क्लच दाबून तेथेच एंजिन बंद करावे लागते.

नव्या बोअरमधील रिंगा बसेपर्यंत जुळणीचे तेल जळून थोडा धूर येतो. त्या काळातील काळ्या प्लगवरून घाईने निष्कर्ष काढू नये. रिंगा सौम्य चालविण्याने बसतात की आरंभीच भार दिल्याने, याबद्दल दोन पक्ष आहेत. भार कमी-जास्त करीत, पण दीर्घकाळ एकाच गतीवर न चालविता, हा मध्यममार्ग बहुतेक उत्पादकांच्या सूचनांशी जुळतो.

भारतात एटीव्ही मुख्यतः पर्यटनस्थळी भाड्याने चालतात. कोकण किनाऱ्यावर नागावसारख्या ठिकाणी त्या दिसतात. तेथील खारी हवा प्लगच्या टोपीतील व अर्थच्या जोडांतील गंज वाढविते आणि फिल्टरमधून शिरलेली वाळू नव्या बोअरवर लवकर ओरखडे पाडते.